पट्टी तर चालूच होती

कामठ्यात कुणी वारलं की रडण्याचा आवाज चौथ्या घरी पोचायच्या आत बातमी भोजराजच्या केबलवर पोचायची. घरचं कुणीतरी पायात चपला सरकवून भोजराजच्या किराणा दुकानावर जायचं. दुकानाच्या वरच्या खोलीत बसून भोजराज कॉम्प्युटरवर दोन बोटांनी नाव टाईप करायचा. आणि मग 'कामठा केबल'वर जो काही पिक्चर चालू असेल, त्यातल्या हिरोच्या पोटावरून पिवळी पट्टी सरकायला लागायची: अमुक यांचे दुःखद निधन, अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता, राहत्या घरून. हिरो आपला नाचतच राहायचा, पट्टी सरकतच राहायची, आणि गावातली माणसं ताटावरून उठायची.

'कामठा केबल' हा भोजराजचा घरचा चॅनल. दुपारी जुना पिक्चर, संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाची सीडी, दिवाळी झाली की मंडईच्या जत्रेतल्या दंडारीच्या खेळाचं शूटिंग. लग्नाच्या सीडीत आपण जेवताना दिसतो का हे पाहायला बायका चुलीवरचा भात करपू द्यायच्या. पण चॅनल दिवसभर लावून ठेवायचं खरं कारण म्हणजे पट्टी. म्हैस हरवली, पट्टी. नळ येणार नाही, पट्टी. माणूस गेला, पट्टी.

केबल यायच्या आधी मयतीचा सांगावा घेऊन सायकलवर माणूस फिरायचा. गावात घरोघरी, मग नहर, म्हणजे कालवा, ओलांडून पलीकडच्या टोल्यावर. टोला म्हणजे कामठ्याचाच तुकडा, पण नहरामुळे तुटलेला. पट्टी आली आणि तो सायकलवाला माणूस बंद झाला. टीव्ही सांगतेच आहे, तर माणूस कायले पाठवायचा?

उर्वशीच्या आबाजींसाठी तर ती पट्टी म्हणजे हाकच. आबाजींचं नाव कन्हैयालाल, आणि कामठ्यात तिरडी बांधायची ती कन्हैयालालनीच. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. जात कोणती, घर कोणाचं, हेही ते पाहत नसत. पट्टी दिसली की ते छपराच्या आड्यावरून दोरीची गुंडाळी काढायचे आणि चालू लागायचे. दोरी अंबाडीच्या वाखाची, स्वतः वळलेली. त्यांनी बांधलेली तिरडी नहराच्या चढावर हलायची नाही आणि घाटावर एका हिसक्यात गाठ सुटायची. चाकू लावावा लागायचा नाही. "जिंदगीभर राबलेल्या माणसाले जाताना चाकू नाई दाखवावा," असं ते म्हणायचे.

आता उर्वशीचं सांगायचं तर ती नववीत होती आणि त्या वर्षी तिला नुकताच आवाज फुटला होता. आठवीपर्यंत हजेरीला "यस मॅडम"सुद्धा पुटपुटणारी ही पोरगी, सव्वीस जानेवारीला 'डिजिटल भारत' या विषयावर माईक बंद पडला तरी बोलत राहिली. शेवटच्या रांगेतल्या पाटलांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ती घरातसुद्धा भाषणच करायची. चहात साखर कमी आहे हे सांगतानाही तिचा एक हात हवेत असायचा.

त्याच सुमारास भोजराज घरोघरी सांगत फिरायला लागला. सरकारचा हुकूम आहे, जुनी लाईन बंद होऊन राहिली, आता सेटटॉप बॉक्स लागेल. डब्बा नाही तर टीव्ही नाही.

"चालू आहे ना आपला टीव्ही?" आबाजी म्हणाले. "चालत्या गाडीचा बैल कायले सोडून राहिला?"

उर्वशीचा हात हवेत गेला. ॲनालॉग म्हणजे काय, डिजिटल म्हणजे काय, पडद्यावर मुंग्या का दिसतात, त्या आता का दिसणार नाहीत, सगळं तिनं सांगितलं. आबाजींना त्यातलं काही कळलं नाही, पण नात इतकं छान बोलते हे कळलं. ते म्हणाले, "बसव बापा."

डब्बा बसला. चित्र असं स्वच्छ दिसायला लागलं की उर्वशीची आई, प्रेमिला, म्हणाली, "अगं माय, हिच्या गालावर त पुटकुळ्या आहेत! इतके दिवस मले हिचं तोंड लोण्यावानी वाटे."

आबाजी थोडा वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "आता आपला चॅनल लाव."

उर्वशीनं रिमोट घेतला. बातम्यांचे चॅनल गेले, भजनाचे गेले, स्वयंपाकाचे, तमिळ, कन्नड, भोजपुरी, सोन्याच्या अंगठ्या विकणारे गेले. 'कामठा केबल' कुठेच नव्हता. तिनं भोजराजला फोन लावला.

"येऊन राहिला, येऊन राहिला," भोजराज म्हणाला. "आता सारं नागपूरवरून येते ना बेटा. तिथून टाकावं लागते. थोडा टाईम लागंल."

"येणार आहे, आबाजी," उर्वशीनं सांगितलं. तिचा आवाज आता असा झाला होता की तिनं सांगितलं की खरंच वाटायचं.

गावठाणात सगळीकडे डब्बे लागले. टोल्यावर मात्र लागले नाहीत. भोजराजकडचे डब्बे संपले होते, आणि टोल्यावरच्या लोकांना घाई नव्हती. म्हणून त्यानं नहरापलीकडे जुनी लाईन तशीच चालू ठेवली. हे गावात कुणाला फारसं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

टोल्यावर चैतराम राहायचा. आबाजी पोवार, चैतराम कुणबी, दोघांचं लहानपण एकाच बांधावर गेलेलं. बाजाराच्या दिवशी चैतराम कामठ्यात आला की आबाजींच्या ओसरीवर त्याचा चहा ठरलेला. डब्बा लागल्यावर तो पहिल्यांदा आला तेव्हा उर्वशी तिथेच होती.

"काय गा कनैया, हे काय आणून ठेवलं टीव्हीच्या डोक्यावर?"

"तीनशे चॅनल दिसतेत याच्यात."

"तीनशे! डोळे किती आहेत तुले?"

"दोनच आहेत. पण तुह्यापरीस बरे."

"मग त्या बऱ्या डोळ्यांनी आपली पट्टी दाखव मले. दाखव ना. माह्या फुटक्या टीव्हीवर दिसते, तुह्या तीनशेत दाखव."

आबाजींनी रिमोट उलटा धरला, सुलटा धरला. उर्वशी मदतीला धावली. "येऊन राहिली, चैतरामबाबा. नागपूरवरून टाकणार आहेत."

चैतराम इतका हसला की त्याला ठसका लागला. "कामठ्याच्या मयतीची खबर नागपूरवरून येईन का वो पोरी? म्हणजे मी मेलो त आधी नागपूरले सांगा लागंल, मंग माह्या दोस्ताले समजंल!"

आबाजींना नातीसमोर ते लागलं. डब्बा नातीनं आणलेला होता. ते म्हणाले, "तू मर त खरा. मंग पाहू."

म्हटलं गंमतीनंच, पण आवाज जरा चढला होता. चैतरामचं हसू थांबलं. "पाहजो," असं म्हणून तो पिशवी घेऊन उठला. प्रेमिला चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्याची सायकल वळणावर होती.

"येईल पुढच्या बाजाराले," आबाजी म्हणाले. पुढच्या बाजाराला तो आला नाही. आबाजी म्हणाले, "रुसून बसला असंल. मीच जातो टोल्यावर." पण जायचं आज उद्या होत राहिलं. मोठ्या माणसांचा रुसवासुद्धा आळशी असतो.

मग तो रविवार आला. उर्वशीला नंतर तो रविवार पुन्हा पुन्हा आठवायचा, आणि वाईट हे की त्यात आठवण्यासारखं काहीच नव्हतं. ती घरीच होती. तिनं केस धुतले होते. टीव्हीवर नाचाची स्पर्धा चालू होती. आबाजी सकाळपासून तिच्या शेजारी बसून वाख वळत होते.

"उर्वशी, आपला चॅनल आला का पाय."

"नाही आला."

दुपारी जेवून पुन्हा, "पाय ना एक खेप."

"आबाजी, तुम्ही भजन ऐका," असं म्हणून तिनं भजनाचा चॅनल लावून दिला. आबाजी ऐकत बसले. दिवस मावळेपर्यंत ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. खाली पट्टीही सरकत होती, पण ती कुठल्याशा आश्रमातल्या देणगीची.

सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत रिंकी तिच्याजवळ आली. रिंकी टोल्यावरची.

"तुझे आबाजी काल काऊन नाही आले वो?"

"कुठं?"

"कुठं काय? चैतरामबाबाच्या मयतीत."

उर्वशीनं हातातली पोळी खाली ठेवली.

"रात्री छातीत दुखलं म्हणे, पहाटेस गेले," रिंकी सांगत राहिली. "पट्टी त सकाळीच लागली. बांबू आणून ठेवले, तणस आणून ठेवली, पण तिरडी कोणी बांधेना. शकुंतलाआजी म्हणे, बोलवायला कोणी जाऊ नका, भाऊजी येतीलच, पट्टी चालू आहे. चार वाजले, पाच वाजले. गावातून कोणीच नाही. मग दिवस बुडायला आला त त्यांच्या पोरानं, स्वप्निलकाकानं बांधली, नायलॉनच्या दोरीनं. नहराच्या चढावर सरकली ना वो एका बाजूनं. बाया ओरडल्या. अन् घाटावर गाठच सुटेना. चाकूनं कापली."

शाळा सुटल्यावर उर्वशी घरापर्यंत चालत आली आणि दारात थांबली.  आबाजी ओसरीवर टीव्हीसमोर बसले होते. कालच्या वाखाची गुंडाळी पूर्ण झाली होती.

"आबाजी, टोल्यावर..."

आबाजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं मयतीच्या घरी जाणाऱ्या माणसाला तेवढं पुरलं. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"कोण?"

"चैतरामबाबा."

आबाजींचा हात आड्याकडे गेला. जुनी दोरी तिथे होती. "कधी नेतेत?"

"नेलं," उर्वशी म्हणाली. "काल."

हात तसाच वर राहिला. मग आबाजींनी ती दोरी काढलीच, खांद्यावर टाकली आणि सायकल बाहेर घेतली. दोरीचं आता काय काम, हे विचारायची हिंमत ना उर्वशीला झाली, ना प्रेमिलाला. उर्वशी मागे कॅरियरवर बसली. नहराच्या चढावर ते उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. चढावर एका जागी तिरडीवरची वाळलेली तणस, भाताचा पेंढा, सांडलेली होती. आबाजींनी सायकल तिच्या बाजूने नेली, तिच्यावरून नेली नाही.

चैतरामच्या अंगणात चार बायका बसल्या होत्या. चैतरामची बायको शकुंतलाबाई भिंतीला टेकून होती. तिनं आबाजींना पाहिलं, खांद्यावरची दोरी पाहिली आणि पदर तोंडावर घेतला. रडली नाही. म्हणाली, "आता कायले आणली दोरी?"

"वहिनी, मले मालूम नाई झालं."

"पट्टी त चालूच होती, भाऊजी."

"माह्या घरी नाई दिसली."

"टीव्ही बिघडला का?"

"नाई. टीव्ही चांगला आहे."

 समोरच्या गीताबाईच्या ओसरीवर टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. सुतकाच्या घरासमोर आवाज नको म्हणून. त्या फुटक्या चित्रात कुणीतरी मोटरसायकलवरून पळत होतं आणि मोटरसायकलच्या चाकांखालून पिवळी पट्टी सरकत होती. भोजराजनं ती अजून काढलीच नव्हती. श्री. चैतराम, टोला, यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता, राहत्या घरून.

आबाजी अंगणातून रस्त्यावर गेले आणि त्या ओसरीसमोर उभे राहिले. एकेक अक्षर लावत त्यांनी पट्टी वाचली. ती संपली, पुन्हा आली, पुन्हा वाचली. 'आज' असं लिहिलेलं होतं.

"उर्वशी," ते म्हणाले, "किती वाजले?"

"पाच होऊन राहिले, आबाजी."

स्वप्निल, चैतरामचा मुलगा, आतून बाहेर आला. मुंडण केलेलं डोकं, डोळे सुजलेले. उर्वशीला वाटलं, आता आपण बोललं पाहिजे. बोलता आपल्यालाच येतं. ती पुढे झाली. "काका, डब्बा लावला ना की सिग्नल वेगळा येतो. डिजिटल असतो. भोजराजकाकाचा चॅनल त्यात येत नाही. तुमच्याकडे जुनी लाईन आहे म्हणून तुम्हाला दिसली. आमच्या गावात कुणालाच..." तिचा हात हवेत गेला होता. तो हात तिला स्वतःलाच दिसला आणि तिनं तो खाली घेतला.

"तुमच्याकडं तीनशे चॅनल आहेत म्हणे," स्वप्निल म्हणाला. "बाबा सांगत होता."

"अन् हेबी सांगत होते," पदराआडून शकुंतलाबाई म्हणाली. "बाजारातून आले त हसून सांगत होते, कनैया म्हणते तू मर त खरा, मंग पाहू. मेले ना ते, भाऊजी. सांजपर्यंत ठेवलं मी त्याहिले. पाहाले नाई आले तुम्ही."

 खांद्यावरची दोरी आबाजींनी काढून हातात घेतली, कुठे ठेवावी ते कळेना, शेवटी पुन्हा खांद्यावर टाकली. त्या अंगणात त्यांना कुणी बस म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

परतताना ते भोजराजच्या दुकानासमोर उतरले.

"काकाजी, मी त सकाळीच लावली होती," भोजराज विचारायच्या आधीच बोलला. "माह्या डोळ्यानं पाहिली मी स्क्रीनवर."

"माह्या घरी येत नाई ती. गावात कोणाच्याच घरी येत नाई."

भोजराज वजनकाटा पुसत राहिला.

"एवढं टोल्यावर जाऊन वहिनीले सांगशील? तुह्या तोंडानं सांग. मी सांगितलं त लबाडी वाटते."

"सांगतो ना," भोजराज म्हणाला. मग आवाज खाली करून म्हणाला, "पण काकाजी, आपला चॅनल येणार नाई, हे मी लोकाहिले कसं सांगू? सांगितलं त डब्बे माह्या दुकानात आणून टाकतील. अन् टोल्यावरची लाईनबी मी बंदच करून राहिलो. मंग सारे सारखेच. विषयच संपते."

तो टोल्यावर गेला नाही. महिनाअखेरीस टोल्यावरची जुनी लाईन मात्र बंद झाली. गीताबाईच्या टीव्हीवर चैतरामचं नाव तोवर होतं की आधीच काढलं होतं, कुणास ठाऊक. एका संध्याकाळी नुसत्या मुंग्या आल्या, एवढं रिंकीनं सांगितलं. गावातल्या पोरांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला. त्यात मयतीच्या बातमीखाली गुड मॉर्निंगची फुलं यायची, आणि ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना तीही नाही.

उर्वशीच्या घरातला टीव्ही प्रेमिला लावायची. आबाजी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. उर्वशीनं एकदा भीतभीत म्हटलं, "मीच आणायला लावला डब्बा." आबाजी म्हणाले, "तू कायले? 'मर त खरा' मी म्हटलं." 

मग आबाजींनी एक नवीनच सुरू केलं. पहाटे उठायचे, सायकल काढायचे आणि घरोघर फिरायचे. दारासमोर सायकल थांबवून विचारायचे, "आहेत ना सारे?"

सुरुवातीला लोकांना वाटलं म्हातारा चहाला येतो. मग कळलं कशाला येतो ते. "आला यमाचा हवालदार!" बायका म्हणायच्या. कुणी पाणी शिंपडायचं, कुणी दार लावून घ्यायचं. ज्यांच्या घरी दुखणाईत माणूस होतं, त्यांनी तर उमेंद्रला, उर्वशीच्या वडिलांना, राईस मिलमध्ये गाठून सांगितलं, "तुह्या बापाले आवर." उमेंद्र घरी येऊन बोलला. आबाजींनी ऐकून घेतलं आणि सकाळी पुन्हा सायकल काढली. ज्यांच्या तिरड्या त्यांनी बांधल्या होत्या त्यांचीच लेकरं आता त्यांना पाहून तोंड फिरवायला लागली. शाळेत उर्वशीला पोरं विचारायची, "आज कोणाचा नंबर आहे वो?" आधीची उर्वशी असती तर रडली असती. नंतरची असती तर हात उंचावून भाषण केलं असतं. आता ती दोन्ही करत नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्यासोबत गेली. सगळं गावठाण झालं, शिव्या खाऊन झाल्या, मग ते नहर ओलांडून टोल्यावर गेले. चैतरामचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. स्वप्निल बाहेरगावी कामावर परत गेला होता, शकुंतलाबाई एकटीच राहत होती. दार लोटलेलं होतं. आत चूल पेटल्याचा वास येत होता.

आबाजींनी सायकल उभी केली. घंटी वाजवली नाही. इथे ते "आहेत ना सारे?" असंही विचारत नसावेत, कारण उर्वशीनं पाहिलं, ते नुसते उभे राहिले, खांद्यावरची दोरी सावरत.

आत भांड्याचा आवाज थांबला.

"जिती आहो मी," शकुंतलाबाई आतूनच म्हणाली. "जा."

आबाजींनी मान हलवली, जणू दारालाच दिसणार होती, आणि सायकल वळवली.